आडनावांत व ग्रामनामांत उरलेला ‘विक’

लॅटिन ‘विकुस’पासून प्राचीन इंग्रजीत आलेला ‘विक’ म्हणजे वस्ती, विशेषतः दूधदुभत्याचा मळा. नित्याच्या भाषेतून हा शब्द लोपला. नामांत तो उरला. लंडनचे चिझिक आणि उत्तरेकडील केझिक ही दोन्ही मूळची चीजचे मळे. उच्चारात ‘व’ गळाला, लेखनात राहिला. एकीकडे ‘च’, दुसरीकडे ‘क’, हा भेद उत्तरेतील स्कँडिनेव्हियन वसाहतकारांच्या भाषेचा परिणाम होय. गॅटविक हा शेळ्यांचा मळा. आज तेथे विमानतळ आहे! गुरांच्या मळ्यावरून हार्डविक, आणि डर्बिशरमधील त्या नावाच्या स्थळावरून १६व्या शतकातील प्रसिद्ध बेस हिच्या घराण्याचे आडनाव. तथापि प्राचीन लेखांतील रूपे पाहिल्यावाचून निर्णय करणे धोक्याचे. शेटलंडमधील लरविकचा ‘विक’ निराळाच: नॉर्स भाषेतील ‘वीक’, म्हणजे उपसागराची खाडी.