रंगीत वाळवंटाच्या कडेवरील भिंती

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. पेट्रिफाइड फॉरेस्ट म्हणजे दगड झालेल्या झाडांचे अरण्य. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गाळात गाडल्या गेलेल्या ओंडक्यांत पाण्याबरोबर गारेचा अंश मुरत गेला आणि लाकडाचा दगड झाला. लोक तेथे जातात ते हे ओंडके पाहावयास. मीही त्यासाठीच गेलो; परंतु मनात घर करून राहिली ती तेथली एक इमारत.

गुलाबी-तांबड्या वाळवंटाच्या अगदी कडेवर ‘पेंटेड डेझर्ट इन’ ही मातकट रंगाची वास्तू उभी आहे. हर्बर्ट लोर नावाच्या गृहस्थाने १९२० नंतरच्या दशकात ती प्रवाशांसाठी बांधली, आणि तीही दगड झालेल्या लाकडाचीच! १९३६ साली सरकारने ती विकत घेतली. मंदीचे दिवस होते. बेकार तरुणांच्या सरकारी पथकाने ती नव्याने उभारली. छतातल्या काचांवरील रंगीत नक्षी त्या पोरांच्याच हातची.

आतल्या भिंती मात्र १९४७-४८ मध्ये रंगवल्या त्या फ्रेड कबोती या होपी चित्रकाराने. मीठ आणण्यासाठी झूनी सरोवराकडे निघालेले होपी तरुण त्या चित्रांत आजही वाट चालत आहेत. आपल्या वारीसारखीच ती श्रद्धेची वाट.

या चित्रकाराची कथा शाळामास्तराने जरूर ऐकावी. लहानपणी त्याला सांता फे येथील सरकारी निवासी शाळेत धाडण्यात आले. आदिवासी मुलांनी आपली भाषा, आपल्या रीती विसराव्यात, हेच तेव्हा अशा शाळांचे धोरण. परंतु तेथील मुख्याध्यापकांच्या पत्नी एलिझाबेथ डीहफ यांनी त्याच्या हाती रंग दिले. आणि त्या मुलाने काय रंगवले, तर घरच्या आठवणीतले होपी देव आणि नाच!

पुढे उद्यानात नवे प्रवासी-केंद्र झाले आणि १९६३ साली ही जुनी वास्तू बंद पडली. पायाखालची माती पाण्याने फुगे, भिंतींना तडे जात. १९७५ साली ती पाडावयाचे ठरले. तेव्हा लोकांनीच आवाज उठवला आणि ती वाचली. १९८७ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला. आता तेथे संग्रहालय आहे.

झाडांचा दगड करावयास गाळ आणि पाणी पुरले. एका मुलाची आठवण टिकवावयास मात्र रंग देणारी एक बाई लागली, आणि पुढे भिंत पाडू न देणारी माणसे लागली.