सायकल ही गाडी आहे काय?

इ. स. १८७९ मध्ये इंग्लंडातील क्वीन्स बेंच न्यायासनापुढे एक प्रश्न निर्णयासाठी आला. वरवर पाहता तो पोरकट वाटावा असाच होता : सायकल ही गाडी आहे काय? लंडनच्या उत्तरेस मस्वेल हिल नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावरून एक सायकलस्वार भरधाव खाली आला आणि त्याने रस्त्यावरील एका इसमास पाडले. खालच्या न्यायासनाने त्यास १८३५ च्या हमरस्त्यांच्या कायद्याखाली, बेफामपणे गाडी हाकल्याबद्दल, दोषी ठरविले. त्यावर अपील झाले. कायद्यातील शब्द होता ‘गाडी’. आणि तो कायदा झाला त्या काळी पायांनी फिरवावयाची सायकल रस्त्यावर यावयाची होती. मग जी वस्तू कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हती, तिच्यावर बसणाऱ्यास त्या कायद्याने शासन कसे करावे?

न्यायमूर्ती मेलर आणि न्यायमूर्ती लश यांनी हा आक्षेप मानला नाही. कोणत्याही प्रकारच्या गाडीमुळे वाटसरूच्या जिवास धोका पोहोचू नये, हा कायद्याचा हेतू. सायकल त्या वेळी अज्ञात असली म्हणून तो हेतू बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. स्वार खटला हरला. परंतु सायकलीच्या दृष्टीने पाहिले तर ही हार मोठी लाभाची होती. जी गाडी म्हणून दंडास पात्र, तिला गाडी म्हणून हमरस्त्यावर चालण्याचा हक्क नाकारणे यापुढे अवघड झाले. गुन्हेगार ठरण्याच्या वाटेने तिला नागरिकत्व मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या नागरिकत्वाची तिला किती निकड होती, हे कळण्यासाठी साठ वर्षे मागे जावयास हवे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम शहरी कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांची एक लाकडी गाडी बनविली. तिला पायटे नव्हते. स्वार तिच्यावर बसून जमिनीस पाय मारीत पुढे जाई. रस्ते खळग्यांचे आणि चिखलाचे, म्हणून स्वारांनी पादचाऱ्यांच्या गुळगुळीत वाटा धरल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मानहाइमच्या अधिकाऱ्यांनी त्या वाटांवर ही गाडी नेण्यास मनाई केली. १८१९ मध्ये लंडनच्या शौकीन तरुणांत तिचे वेड पसरले, तोच तेथेही दंड सुरू झाले. कंपनी सरकारच्या कलकत्त्यासही तिच्यावर बंदी आली. थोडक्यात, रस्ता तिला सोसेना आणि पदपथ तिला घेईना. वेड ओसरले ते काही दशकांपुरते.

पुढचा दाखला ग्लासगोचा आहे आणि तो मोठा मौजेचा आहे. १८४२ च्या जून महिन्यात तेथील एका वृत्तपत्राने बातमी दिली, की डमफ्रीस प्रांतातून आलेल्या एका गृहस्थाने आपल्या चाकांच्या यंत्रावरून पदपथावर जाऊन एका लहान मुलीस धक्का दिला व त्याबद्दल त्यास पाच शिलिंग दंड झाला. गृहस्थाचे नाव बातमीत नाही. तो कर्कपॅट्रिक मॅकमिलन नावाचा लोहार होता आणि पायांच्या दांड्यांनी चालणारी पहिली सायकल त्यानेच घडविली, असे स्कॉटिश लोक अभिमानाने सांगतात. संशोधक मात्र त्याबद्दल साशंक आहेत. लोहारास वृत्तपत्र ‘गृहस्थ’ का म्हणेल, ही त्यांची एक शंका. ते काही असो. त्या यंत्राचा समकालीन पुरावा म्हणून जे दाखविले जाते, ते पोलीस कोर्टातील एका दंडाचे वृत्त आहे.

१८७० नंतर पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकले, अशी उंच सायकल आली. घोड्याच्या पाठीइतक्या उंचीवर बसलेला हा नवा स्वार गाडीवानांच्या डोळ्यांत सलू लागला. १८७६ साली सेंट ऑल्बन्सच्या टपाल-वळणाच्या चौघोडी गाडीच्या सारथ्याने एका सायकलस्वारावर चाबूक ओढला, आणि गाडीवरील रक्षकाने दोरीस बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या चाकाच्या आऱ्यांत फेकला. प्रकरण कोर्टात गेले व दोघांनाही दंड झाला. दंडाचे शस्त्र दोन्ही बाजूंनी चालते, हे सायकलस्वारांस तेव्हा प्रथम उमजले असावे. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, त्यांनी आपली प्रवासमंडळी हॅरोगेट येथे स्थापिली. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सावधगिरीच्या पाट्या लावण्याचे काम सायकलस्वारांच्या संस्थांनी स्वखर्चाने केले, हे येथे सांगितलेच पाहिजे. बेफामपणाचा आरोप ज्यांच्यावर होता तेच हे लोक.

कायदा मात्र अजून डळमळतच होता. १८८० साली दुसऱ्या एका खटल्यात असा निर्णय झाला, की पथकर घेण्यापुरती सायकल ही गाडी नव्हे. म्हणजे दंडाच्या वेळी गाडी आणि नाक्यावर नाही! हा घोळ १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्याने मिटविला. त्याच्या ८५ व्या कलमाने सायकल व तत्सम यंत्रे या गाड्याच होत, असे जाहीर केले आणि परगण्यापरगण्यांचे परस्परविसंगत नियम रद्द केले. मोबदल्यात दोन कर्तव्ये लादली : सूर्यास्तानंतर एका तासाने दिवा लावावयाचा, आणि कोणास मागे टाकून जाताना घंटा, शिटी किंवा अन्य आवाजाने सूचना द्यावयाची. चुकल्यास दंड. पुण्या-मुंबईच्या ज्या पिढीने ‘दिवा वाऱ्याने विझला’ ही सबब शिपायासमोर सांगितली, तिला या कलमाचे सोयरेपण वेगळे समजावून देण्याची गरज नाही. हिंदुस्थानात ‘गाडी’ शब्दाचा तंटा मात्र माजण्याचे कारण नव्हते. १८६० च्या दंडसंहितेचे २७९ वे कलम कोणतेही वाहन हाकणाऱ्यास लागू होण्याइतके ऐसपैस होते.

हक्क मिळाला, पण तो काढून घेतला जाईल ही भीती गेली नाही. या भीतीने सायकलस्वारांकडून जे करविले ते पोलिसांनीही करविले नसते. १८९० मध्ये त्यांच्याच राष्ट्रीय संघाने हमरस्त्यावरील शर्यती बंद केल्या. तेव्हा १८९५ मध्ये एफ. टी. बिडलेक याने तोड काढली : स्वारांनी अंतराअंतराने एकेकटे सुटावे आणि घड्याळाशी स्पर्धा करावी. त्यांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा वेष घालावा, मार्गाचे नाव सांकेतिक अक्षरांनी लिहावे, कार्यक्रमपत्रिका खाजगी ठेवावी. पहाटेच्या अंधुक प्रकाशात काळ्या कपड्यांतील माणसे एकामागून एक निघून जात. पाहणारास शर्यतीचा संशयही येऊ नये. कायद्यास भिऊन कायदेशीर कृत्य चोरीसारखे करण्याचे याहून चमत्कारिक उदाहरण क्रीडेच्या इतिहासात विरळाच.

हे सोवळे सुमारे अर्धशतक टिकले. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलर्ड याने लँगॉलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची, सर्वांनी एकदम सुटावयाची शर्यत भरविली. युद्धामुळे पेट्रोल दुर्मिळ आणि रस्ते ओस होते. त्याने आगाऊ पोलिसांना विचारले होते आणि पोलिसांनी हरकत घेतली नव्हती. शर्यत सुरळीत पार पडली, उत्पन्न सैनिकांच्या निधीस गेले. शिक्षा झाली ती स्टॅलर्डलाच, आणि ती दिली त्याच्याच संघाने : बेमुदत बहिष्कार. शिपाई हसतमुखाने उभा असताना आरोपीनेच आरोपीस बेड्या घातल्या. त्याच वर्षी बंडखोरांनी वेगळा संघ काढला. दोन्ही संघ एकत्र यावयास १९५९ साल उजाडले.

मागच्या दिव्याचा तंटा याहून गंभीर होता, कारण त्यात प्राणांचा प्रश्न होता. १९३४ या एका वर्षात ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. १९२७ च्या कायद्याने सायकलीच्या मागे तांबडा दिवा किंवा तांबडी परावर्तक काच, दोहोंपैकी एक, पुरे मानले होते. दिवाच सक्तीचा करावा अशी मागणी वाढली, तेव्हा सायकलस्वारांच्या मंडळींनी कडवा विरोध केला. त्यांचा मुद्दा हेकेखोरीचा नव्हता. मागून येणाऱ्याने समोर पाहून चालवावे हा रस्त्याचा जुना धर्म. दिवा सक्तीचा केला म्हणजे पाहण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावरून दिसणाऱ्यावर ढकलली जाते, आणि दिवा विझलेल्या स्वारास मोटारीने चिरडले तर दोष मृताच्या माथी येतो. तर्क म्हणून हे खोडून काढणे कठीण आहे. तथापि काळोख्या रात्री तर्क कोणास दिसत नाही. युद्धातील अंधारबंदीत दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ च्या कायद्याने ती सक्ती शांततेच्या काळातही राहिली.

मस्वेल हिलच्या खटल्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, १९५० मध्ये, तोच जुना प्रश्न पुन्हा वरिष्ठ न्यायासनापुढे उभा राहिला. डेव्हन परगण्यातील इल्फ्राकोम्ब गावी एक मद्यधुंद इसम आपली सायकल हाताने ढकलीत चालला होता. १८७२ च्या मद्यविषयक कायद्याप्रमाणे नशेत ‘गाडी’ ताब्यात असणे हा गुन्हा, आणि त्यास एक महिन्याची कैद झाली. आपण गाडी नव्हे, सायकल नेत होतो, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्तींनी उत्तर दिले, की सायकल माणसास वाहून नेते, म्हणून ती गाडीच. त्या दिवशी तीच माणसाने नेली जात होती, हा भाग वेगळा.