निकामी संगणकातून नादनिर्मिती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
वाद्यांचा इतिहास हा बहुतांशी उपलब्ध साधनसामग्रीचा इतिहास आहे. जेथे वेळू आणि भोपळा होता तेथे त्यांचीच वाद्ये झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सामग्रीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या टाकाऊ भागांची भर पडली. प्रस्तुत लेखात या प्रवाहाचा मागोवा घेऊन, १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व तपासले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'सायरॅक' या संगणकावर सुरावट वाजविण्यात आली. त्यासाठी चालकाला सूचना देण्याकरिता बसविलेला ध्वनिक्षेपकच वापरला गेला. म्हणजे प्रारंभीच्या संगणकसंगीतातही मूळ प्रयोजनापेक्षा वेगळा उपयोग होता. १९६० च्या दशकात अमेरिकेतील रीड गझाला यांना लहान ध्वनिवर्धकात अपघाताने झालेल्या शॉर्ट सर्किटमधून अनपेक्षित ध्वनी ऐकू आले. यातून पुढे 'सर्किट बेंडिंग' ही पद्धती विकसित झाली. निकोलस कॉलिन्स यांच्या २००६ मधील 'हँडमेड इलेक्ट्रॉनिक म्युझिक' या ग्रंथाने हे ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले. पोलंडमधील पावेल झाद्रोझ्नियाक यांचे 'फ्लॉपोट्रॉन' हे फ्लॉपी ड्राइव्हचे वाद्यवृंद २०१६ पासून जगभर परिचित झाले.

भारतातील आरंभ मात्र वेगळा होता. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारण्यात आला. तेथील काम १९७२ पर्यंत चालले. त्या ध्वनिफिती पॉल पर्गस यांच्या शोधामुळे २०१७ नंतर प्रकाशात आल्या. आयात यंत्रावर आधारलेला हा प्रयोग संस्थेबाहेर रुजला नाही. टाकाऊ भागांची पद्धती मात्र खर्चिक यंत्राशिवाय, केवळ ज्ञानाच्या आधारे पसरली.

कार्यतत्त्व :
फ्लॉपी ड्राइव्हमधील स्टेपर मोटर प्रत्येक विद्युत्स्पंदाला एक पाऊल सरकते. सेकंदाला २२० स्पंद दिल्यास सुमारे २२० हर्ट्झचा स्वर निघतो. चकतीच्या प्रत्येक बाजूवर ८० मार्गिका असल्याने एक तृतीयांश सेकंदाहून थोड्या अधिक वेळात शीर्ष टोकाला पोहोचते. त्यामुळे स्वर लांबवायचा असल्यास दिशा उलटवावी लागते. हार्ड डिस्कची भुजा चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्याने हलते. त्या वेटोळ्यात ध्वनिसंकेताचा प्रवाह सोडल्यास भुजा कंप पावून ध्वनिक्षेपकाप्रमाणे वाजते.

नंदुरबारचा संदर्भ :
या परिसरातील आदिवासी समाजात भोपळा व वेळू यांपासून बनणारी पावरी परिचित आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत नर्तक कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधतात. हाती असलेल्या वस्तूला नाद देण्याची दृष्टी येथे जुनी आहे. संगणकाशी जिल्ह्याचा संबंध मात्र प्रामुख्याने लाभार्थी म्हणून आला. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे प्रदान करण्यात आले. येथे सामान्य माणूस यंत्रात आपली माहिती भरतो. यंत्र उघडून पाहणे त्याच्या वाट्याला येत नाही.

महाविद्यालयांच्या डेड स्टॉक नोंदवहीत निर्लेखनाची वाट पाहणारे संगणक ही उणीव भरून काढू शकतात. तथापि मर्यादा पाळणे आवश्यक आहे. चित्रनलिकेचे मॉनिटर व वीजपुरवठ्याचे संच विद्यार्थ्यांनी उघडू नयेत. त्यांत यंत्र बंद केल्यावरही घातक विद्युतभार राहू शकतो. तांब्यासाठी तारा जाळू नयेत. उरलेले भाग १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडेच सोपवावेत.

निष्कर्ष :
१. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या इतिहासात प्रयोगशाळेइतकेच टाकाऊ सामग्रीलाही स्थान आहे.
२. वाद्यपरंपरा टिकण्यासाठी यंत्राच्या मालकीपेक्षा त्याच्या रचनेचे ज्ञान अधिक निर्णायक ठरते.
३. पावरी घडविणाऱ्या हातांची आणि निकामी संगणकातून स्वर काढणाऱ्या हातांची वृत्ती एकच आहे. भौतिकशास्त्र, संगीत व इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन तिचे दस्तऐवजीकरण केल्यास, संगणक हा दुरून आलेला बंद पेटारा न राहता स्थानिक ज्ञानपरंपरेचा भाग होऊ शकेल.