लैंगिक गुन्हेगारांचे चिकित्सक

स्त्रीवर किंवा अजाण मुलावर अत्याचार करणाऱ्या मनुष्याचें पुढें काय करावें, हा प्रश्न शेंकडों वर्षें न्यायाधीशापुढें होता. तो वैद्यापुढें येऊन फार तर दीडशें वर्षें झालीं असतील. असा मनुष्य शिक्षा भोगून बहुधा एके दिवशीं तुरुंगाबाहेर येतोच, आणि मग तो पुन्हा तेंच करील कीं काय ही विवंचना ज्या आईबापांच्या मनाला लागते, त्यांचें समाधान कायद्याच्या कलमानें होत नाहीं. त्याला बरें करतां येईल, असें आश्वासन निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या लोकांनीं दिलें. श्रोतेहो, आज मी त्या उपचारांपेक्षां ते करणाऱ्या पुढाऱ्यांविषयींच बोलणार आहे. हे लोक मूळचे कोण होते आणि कोणती विद्या शिकून या कामाकडे वळले, हें पाहिलें म्हणजे त्यांच्या उपचारांचें बरेंचसें कोडें उलगडतें. कारण प्रत्येकानें या गुन्हेगाराकडे आपापल्या धंद्याच्या चष्म्यांतून पाहिलें.

पहिला मान वेड्यांच्या इस्पितळांतील डॉक्टरांकडे जातो. रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग हा ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें मनोविकारांचा प्राध्यापक होता. न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचे प्रसंग त्याच्यावर वारंवार येत. १८८६ सालीं त्यानें कामवासनेच्या विकृतींवर जो ग्रंथ लिहिला, तो डॉक्टर आणि वकील यांच्यासाठीं होता; सामान्य वाचकांच्या हातीं तो जाऊं नये म्हणून त्यानें नाजूक मजकूर लॅटिनमध्यें घातला. ग्रंथ खपला मात्र उदंड! या गुन्हेगारांपैकीं कित्येक रोगी असतात, हा विचार त्यानें कायमचा रुजविला. पण त्याची मुख्य कामगिरी वर्गीकरणाची. रोगाला नांव मिळालें, औषध मिळालें नाहीं.

औषधाचा शोध लंडनमध्यें एका स्त्रीनें आरंभिला, आणि तिचें चरित्र मला या सर्व इतिहासांत अधिक मनोवेधक वाटतें. डॉ. ग्रेस पेल्थॉर्प पहिल्या महायुद्धांत शस्त्रवैद्य होत्या. युद्धानंतर त्या मनोविश्लेषणाकडे वळल्या आणि होलोवे येथील स्त्रियांच्या तुरुंगांत कैदी स्त्रियांचा अभ्यास करीत बसल्या. १९३१ सालीं त्यांच्याच पुढाकारानें लंडनमध्यें गुन्हेगारांवर शास्त्रीय उपचार करण्यासाठीं एक संस्था स्थापन झाली, आणि १९३३ सालीं तिचा दवाखाना सुरू झाला. तेथें येणाऱ्यांत चोर होते तसे लैंगिक गुन्हेगारही होते. पेल्थॉर्पबाई पुढें अतिवास्तववादी चित्रकार म्हणून नांवारूपास आल्या. संस्थेची धुरा एडवर्ड ग्लोव्हर यांच्यासारख्या मनोविश्लेषकांकडे गेली. दवाखाना १९४८ सालीं ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंत सामील झाला आणि पोर्टमन क्लिनिक या नांवानें प्रसिद्धीस आला. मनोविश्लेषकांची श्रद्धा अशी, कीं गुन्ह्याचें मूळ बालपणांत असतें, आणि तें उकरून काढण्यास वर्षानुवर्षांचा संवाद लागतो. ही श्रद्धा उदात्त खरी. पण एका वैद्याच्या आयुष्यांत असे रोगी किती व्हायचे?

तुरुंगांतील डॉक्टर नॉरवुड ईस्ट यांची दृष्टि याहून रोखठोक होती. मनोविकारवैद्य ह्यूबर्ट यांच्यासह त्यांनीं १९३९ सालीं सरकारला अहवाल सादर केला, आणि अशा कैद्यांसाठीं निराळी संस्था काढावी असें सुचविलें. मध्यें दुसरें महायुद्ध आलें. त्या सूचनेंतून ग्रेंडनचा तुरुंग उभा राहण्यास १९६२ साल उजाडलें, आणि आरंभीं त्याच्या प्रमुखपदीं तुरुंगाधिकारी न नेमतां विल्यम ग्रे या मनोविकारवैद्यासच नेमण्यांत आलें.

डेन्मार्कमध्यें गोष्टीनें निराळें वळण घेतलें. तेथें १९२९ च्या कायद्यानें लैंगिक गुन्हेगारांचे वृषण शस्त्रक्रियेनें काढून टाकण्यास परवानगी मिळाली. हेर्स्टेडव्हेस्टर येथील संस्थेचे प्रमुख गेऑर्ग स्ट्युरुप हे मनोविकारवैद्य होते. बरे न होणारे म्हणून सोडून दिलेल्या कैद्यांशीं माणुसकीनें वागावें, त्यांच्या चुका त्यांच्याबरोबर बसून तपासाव्या, असें ते कळकळीनें सांगत. पण याच संस्थेंत ही शस्त्रक्रियाही होत असे, आणि तिचे पुरस्कर्तेही तेच होते. कैद्याची लेखी संमति घेतली जाई. परंतु सुटकेची तारीख जिच्यावर अवलंबून आहे अशी संमति कितपत मोकळी म्हणावी? एकाच माणसाच्या ठिकाणीं दया आणि सुरी दोन्हीं नांदल्या, आणि त्यांत विसंगति आहे असें त्याच्या धंद्यानें त्याला कधीं वाटूं दिलें नाहीं.

अमेरिकेंत याच सुमारास डॉक्टरांच्या अधिकाराविरुद्ध आवाज उठला. तेथील कित्येक संस्थानांनीं १९३७ पासून कायदे करून लैंगिक मनोविकृत ठरलेल्या मनुष्यास बेमुदत कोंडून ठेवण्याची सोय केली होती. एडविन सदरलंड या समाजशास्त्रज्ञानें १९५० सालीं दाखवून दिलें, कीं असे कायदे होण्यास एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतरची लोकांची घबराट आणि समित्यांवर बसलेल्या मनोविकारवैद्यांचा आग्रह हीं दोन्हीं कारणें होतीं.

पुढें नेतृत्व मानसशास्त्रज्ञांकडे सरकलें. त्यांच्या आधीं, प्रागचे डॉक्टर कुर्ट फ्रॉइंड यांनीं १९५० नंतरच्या दशकांत पुरुषाच्या शरीराची उत्तेजना यंत्रानें मोजण्याची पद्धति काढली होती. तिचा मूळ हेतु मात्र सैन्यभरती चुकविण्यासाठीं समलिंगी असल्याची बतावणी करणारे तरुण ओळखण्याचा होता. समलिंगी पुरुषांची प्रवृत्ति बदलण्याचा प्रयत्न त्यांनीं केला, तो फसला हें जाहीर करण्याचें धैर्यही दाखविलें, आणि १९६८ नंतर कॅनडांत जाऊन तें यंत्र गुन्हेगारांच्या तपासणीस लावलें. प्रयोगशाळेंत तयार झालेल्या मानसशास्त्रज्ञांना हें मोजमाप फार मानवलें. विजेचे धक्के देऊन वासना मोडण्याचे प्रयोगही झाले. कॅनडांतील किंग्स्टनचे विल्यम मार्शल हे याच परंपरेंतले. पण त्यांनीं धक्के मागें टाकून गुन्हेगाराच्या विचारसरणीवर काम केलें. एवढेंच नव्हे, तर उपचार करणाऱ्याच्या स्वभावाचाही त्यांनीं अभ्यास केला. ज्याच्या ठिकाणीं आपुलकी आणि सहानुभूति आहे त्याच्या हातीं प्रगति होते, दरडावणाऱ्याच्या हातीं होत नाहीं, असें त्यांना आढळलें.

इंग्लंडमध्यें १९९१ सालीं तुरुंगांतील लैंगिक गुन्हेगारांसाठीं एक मोठी योजना सुरू झाली. एवढ्या कैद्यांना पुरतील इतके मानसशास्त्रज्ञ आणायचे कोठून? तेव्हां तुरुंगाच्या साध्या अधिकाऱ्यांना शिकवून गटांचे चालक केलें. योजनेचा लौकिक मोठा होता. २०१७ सालीं उपचार घेतलेल्या २,५६२ कैद्यांची १३,२१९ तशाच इतर कैद्यांशीं तुलना प्रसिद्ध झाली. सुमारें आठ वर्षांत उपचार घेतलेल्यांपैकीं १० टक्के लोकांनीं पुन्हा लैंगिक गुन्हा केला, आणि न घेतलेल्यांपैकीं ८ टक्के लोकांनीं! योजना बंद करण्यांत आली. या दोन टक्क्यांच्या मागें माणसें आहेत, हें आकडे वाचतांना विसरूं नये. या सर्व इतिहासांत गुन्हेगारांवर शेंकडों पानें आहेत. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या वांट्याला फारच थोडीं आलीं.

मग उपचार व्यर्थ म्हणावेत काय? थेरेसा गॅनन या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ स्त्रीनें सहकाऱ्यांसह २०१९ सालीं अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले. उपचार घेतलेल्या लैंगिक गुन्हेगारांत पुन्हा तसाच गुन्हा करण्याचें प्रमाण ९.५ टक्के, आणि न घेतलेल्यांत १४.१ टक्के निघालें. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें असें, कीं जेथें प्रशिक्षित, परवानाधारक मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष कामांत सतत हजर होता आणि गट चालविणाऱ्यांवर जाणत्यांची देखरेख होती, तेथें गुण अधिक दिसला.

दरम्यान कॅनडांतील हॅमिल्टन गांवीं भलताच माणूस या क्षेत्रांत शिरला होता. १९९४ सालीं मुलांवर वारंवार अत्याचार केलेला एक कैदी पूर्ण शिक्षा भोगून सुटला आणि गांवांत हलकल्लोळ उडाला. हॅरी नाय या मेनोनाइट पंथाच्या धर्मोपदेशकाची त्या कैद्याशीं ओळख होती. त्यानें आपल्या मंडळींतील कांहीं माणसें जमवून त्याच्याभोंवतीं एक कडेंच केलें. तो कांहीं मानसशास्त्रज्ञ नव्हता. ही रीत पुढें ब्रिटनमध्यें आणि अमेरिकेंत पसरली. मिनेसोटा संस्थानांत सुटलेल्या १०० गुन्हेगारांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली. पुन्हा लैंगिक गुन्ह्याबद्दल अटक होण्याचा संभव अशा मंडळांतील गटांत ८८ टक्क्यांनीं कमी होता, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. १०० ही संख्या लहान आहे, हें खरें. त्या मंडळांतले सभासद साधे स्वयंसेवक. ते त्या मनुष्याला नियमानें भेटत, जागा आणि काम शोधण्यास हात देत, आणि त्याची वागणूक ढळूं लागली कीं त्याला तोंडावर तसें सांगत.