श्रम आणि संगोपन : मध्यप्रांत ते सिलतरा

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले सिलतरा आज स्पंज आयर्न व पोलाद यांचे औद्योगिक केंद्र म्हणून परिचित आहे. भट्टी अखंड चालते, त्यामुळे कामगाराचे जीवन पाळ्यांमध्ये विभागले जाते. मूल आणि वृद्ध यांच्या गरजा मात्र पाळी पाहून उद्भवत नाहीत. त्यांच्यासाठी लागणारा वेळ कोणी द्यावा, या प्रश्नाला कायद्याने दिलेल्या उत्तराला या प्रदेशात जुनी परंपरा आहे.

मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली आणि तिचा भार शासनानेही उचलावा, अशी भूमिका घेतली. मुंबईचा कायदा १९२९ मध्ये झाला आणि १९३० मध्ये मध्यप्रांताने त्याचे अनुकरण केले. नागपूर ही राजधानी असलेल्या या प्रांतातच रायपूरचा समावेश होता. परंतु दोन्ही कायद्यांनी भार मालकावरच टाकला. शासनाच्या वाट्याची सूचना मागे पडली.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले, तेही पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथेच. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. लोहउद्योगात स्त्रीकामगारांची संख्या मुळातच अल्प. त्यामुळे पुरुष कामगार शेकड्याने असले, तरी त्यांच्या मुलांमुळे पाळणाघराचे दायित्व निर्माण होत नसे. पिता हा संगोपनकर्ता असू शकतो, हे या मोजणीत गृहीतच नव्हते.

२०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, हा निकष आणला. मात्र दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा स्त्रीलाच दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच चौकट कायम राहिली.

वृद्धांच्या बाबतीत २००७ च्या अधिनियमाने आईवडिलांच्या निर्वाहाचे दायित्व मुलांवर ठेवले व त्यासाठी न्यायाधिकरणे निर्माण केली. निर्वाहभत्ता पैशात मोजता येतो. आजारी पित्याच्या उशाशी बसण्यासाठी रजा लागते. तिचा विचार या अधिनियमात नाही.

परिणामी, भट्टीवरील पुरुषाची पाळी निर्वेध चालावी यासाठी लागणारे श्रम घरातील स्त्री करते आणि ते कोणत्याही हजेरीपटावर नोंदले जात नाहीत. १९२८ साली मांडला गेलेला सामायिक दायित्वाचा विचार म्हणूनच अद्याप कालबाह्य झालेला नाही.