माळवदाच्या दोन भीती

परंड्याच्या जुन्या वस्तीतली माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, रस्त्याला पाठ करून बसल्यासारखी वाटतात. जाड दगडी भिंती, बाहेरच्या अंगाला खिडकी नाही, उजेड यायचा तो छतातल्या सवण्यातून. ही सगळी सोय उन्हासाठी, असं सांगतात. ते खरंच आहे, पण अर्धंच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांनी निजामाचा मुलूख लुटला. पुढं १९४७-४८ला रझाकारांची धास्ती होती. गवताचं छप्पर एका पलित्यानं पेटतं, माती पेटत नाही. त्या भिंतींच्या जाडीत लुटारूच्या भीतीचाही वाटा आहे.

खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि वर पांढरी माती, अशी ही घडण. गळायला लागलं की मिरगाच्या आधी मातीचा नवा थर. जुना उतरवायच्या भानगडीत कोण पडतो? पिढ्यागणिक छत जड होत गेलं. भिंत दिसायला भक्कम, पण आतून दोन पडदे आणि मधे गोटे-माती. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड गवंडी सहसा घालत नसे. परंड्याच्या किल्ल्याला मिळालेला घडीव चिरा आणि चुना रयतेच्या घराला कुठून मिळणार?

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जित करून गावं नुकती निजली होती. किल्लारी-सास्तूर भागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच भिंतींखाली गेली. किल्लारीकरांना १९९२पासून धक्के जाणवत होते. गाव घाबरलं होतं, नकाशा घाबरला नव्हता: भूकंपाच्या सरकारी नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो तिसऱ्या पट्ट्यात गेला २००२ साली.

परंडा धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, किल्लारीपासून लांब. तरी धास्तीला अंतर लागत नाही. माळवद म्हणजे मरण, हे मराठवाडाभर पक्कं झालं.

अभियंत्यांनी पडलेल्या घरांत वेगळंच पाहिलं. कितीतरी ठिकाणी लाकडी सांगाडा उभा होता, ढासळली होती ती भिंत. त्यांचा सल्ला असा: छतावरची जादा माती उतरवा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई-काँक्रीट भरा, खांब-तुळयांना तिरपे आधार ठोका. घर वाचेल आणि खर्चही कमी. जागतिक बँकेच्या मदतीनं तेरा जिल्ह्यांत दुरुस्ती-बळकटीकरणाचा कार्यक्रम निघाला. लोकांनी पैसे घेतले आणि बहुतेकांनी त्यातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली.

याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या भिंतीनं भावकीतली माणसं गाडली, तिच्यातच चार भोकं पाडून पुन्हा तिच्या उशाशी निजा, असं कागदावर सांगणं सोपं असतं. पण लोकांचा हिशोबही कच्चाच होता. पाणी न मारलेला, सळई वाचवलेला स्लॅब भूकंपात माळवदापेक्षा दयाळू ठरेल, याची हमी कोण देणार? त्यात तो उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. मग जुनं आणि नवं दोन्ही असलेल्या घरांत वाटणी झाली: दुपारी माळवदाखाली, रात्री स्लॅबखाली. भूकंप पहाटे आला होता ना!