स्वस्त सेमी-ऑटोचा पूर्वपक्ष आणि त्याचे उत्तर

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात नेमबाजीचा नाद लागलेला तरुण अभियंता भेटला, की त्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘परवडणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन कोणती घ्यावी?’ त्याला फक्त ‘कोणती’ एवढेच विचारायचे असते. सेमी-ऑटोच घ्यायची, हे त्याने आधीच पक्के केलेले असते. माझा वाद त्या आधीच पक्क्या झालेल्या भागाशी आहे.

हे मत कुठून येते, तेही समजून घ्यायला हवे. आपल्याकडची नेमबाजी रायफल आणि पिस्तुलाची. वाकडहून महामार्ग ओलांडला की बालेवाडीची रेंज. पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे तिथे सराव करत असे. छर्ऱ्यांच्या बंदुकीची अशी परंपरा आपल्या आसपास नाही. मग तिचे शिक्षण अमेरिकी चित्रफिती पाहून होते, आणि तिथे तुर्की बनावटीची स्वस्त सेमी-ऑटो ही नवशिक्याची पहिली बंदूक असते.

आता पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या सर्वांत भक्कम रूपात. पहिले : वायूवर चालणारी सेमी-ऑटो खांद्याला कमी धक्का देते. दुसरे : त्याच दर्जाची वर-खाली नळ्यांची दुनळी कितीतरी महाग पडते. तिसरे : आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत सेमी-ऑटोला मज्जाव नाही, मज्जाव आहे तो पंप-ॲक्शनला. चौथे : १९६३ साली आलेल्या रेमिंग्टन ११०० ने अमेरिकेत स्कीट या उडत्या तबकड्यांच्या खेळाचे मैदान गाजवले होते. पाचवे, आणि हे सहसा दबक्या आवाजात सांगितले जाते : गावाकडे रानडुकरे आहेत, शिकारीलाही उपयोगी पडेल.

या मताला मी अडाणी म्हणणार नाही. त्यातली पहिली चार विधाने खरी आहेत. पण खऱ्या विधानांवरून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, आणि इथे तो निघाला आहे.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १३ सांगते, की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा. हे कलम वाचून माणूस निर्धास्त होतो. सेमी-ऑटो शॉटगनची नळी गुळगुळीतच असते, लांबीही पुरेशी असते. मग अडचण कुठे? अडचण शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथली वर्गवारी नळीपाशी थांबत नाही. पुढचे काडतूस आपोआप चढते का, हेही ती विचारते. साधी दुनळी तिसऱ्या वर्गात बसते. अर्धस्वयंचलित अग्निशस्त्र मात्र पहिल्या वर्गाच्या ‘बी’ उपवर्गात जाते. ‘मग सेमी-ऑटो पिस्तुलाचा परवाना कसा मिळतो?’ असा प्रतिप्रश्न येतो. मिळतो, कारण पिस्तुलाला त्याच अनुसूचीने नाव घेऊन वगळले आहे. शॉटगनला वगळलेले नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले आणि चाकणही त्याच्याच हद्दीत आहे. साध्या दुनळीचा अर्ज या आयुक्तालयात निकाली निघू शकतो. पहिल्या वर्गातल्या शस्त्राचा प्रश्न दिल्लीत, केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. परदेशी बंदूक आयात करायची तर राष्ट्रीय रायफल संघटनेची शिफारस लागते, आणि ती मैदानावर गुण मिळवलेल्यालाच मिळते. ज्याने अजून एकही क्ले (उडती तबकडी) फोडलेली नाही, त्याला ही वाट खुली आहे का? जी वस्तू हातातच येऊ शकत नाही, तिच्या स्वस्ताईचे काय करायचे?

शिकारीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. पीक नासवणाऱ्या रानडुकराबद्दल कलम ११ आहे, पण त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे ठरते. शेताच्या राखणीसाठी शस्त्र कायदा आधी तोंडाने भरायच्या बंदुकीचे नाव घेतो. ती अपुरी पडते असे दिसले, तरच दुसऱ्या बंदुकीचा विचार होतो. खेड-मावळात हौसेची शिकार हा गुन्हा आहे. पाचवा मुद्दा निकालात निघाला.

उरतो खेळ, आणि माझा जीव खरा तिथे गुंतलेला आहे. कायदा उद्या बदलला, तरी नवशिक्यासाठी मी सेमी-ऑटो सुचवणार नाही. का, ते यंत्राच्या भाषेत सांगतो. या पट्ट्यातल्या वाचकाला ती अधिक जवळची.

धक्क्याचा मुद्दा घ्या. स्पर्धेच्या काडतुसात छर्ऱ्यांचे वजन पूर्वी ३२ ग्रॅम चालत असे. ते आधी २८ वर आणि मग २४ ग्रॅमवर आणले गेले. वेग तोच धरला, आणि दारू व बुचाचे वजन क्षणभर बाजूला ठेवले, तर एकाच वजनाच्या बंदुकीत धक्क्याची ऊर्जा छर्ऱ्यांच्या वस्तुमानाच्या वर्गाप्रमाणे बदलते. २४ भागिले ३२, त्याचा वर्ग : ०.५६. म्हणजे धक्का नियमानेच जवळपास निम्म्यावर आणला आहे. साडेतीन किलोच्या दुनळीत २४ ग्रॅमचे काडतूस धडधाकट खांद्याला सोसवत नाही, असे कोण म्हणेल? सेमी-ऑटोचा सर्वांत मोठा गुण ज्या दुखण्यावर औषध होता, ते दुखणेच अर्धे उरले आहे.

उलट याच हलक्या काडतुसाने सेमी-ऑटोची एक अडचण वाढवली. तिचा बोल्ट मागे सरकतो तो नळीतून थोडा वायू वळवून. तो वायू किती मिळणार, हे काडतुसावर ठरते. शिकारीची जड काडतुसे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली स्वस्त बंदूक २४ ग्रॅमवर कधी पूर्ण चक्र करते, कधी रिकामी पुंगळी अर्ध्यात अडकवते. त्यात वायूच्या मार्गावर काजळी साचते. ती वेळच्या वेळी काढली नाही तर अडकणे आणखी वाढते. बारीक सहनमर्यादेत काम करणाऱ्या टूलरूमच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या यंत्राचे काम कच्च्या मालातल्या जराशा फरकाने बिघडते, ते आपण शिकाऊ कामगाराच्या हाती देतो का?

ट्रॅप या प्रकारात तबकडी नेमबाजाच्या पंधरा मीटर पुढच्या खंदकातून सुटते आणि पुढे ७६ मीटरपर्यंत जाईल इतक्या जोराने पळते. तिचा व्यास ११ सेंटिमीटर. पात्रता फेरीत तिच्यावर दोन गोळ्या झाडता येतात. पहिली तुलनेने जवळून, दुसरी ती आणखी दूर गेल्यावर. दोन नळ्या असल्या की पहिलीला थोडा मोकळा चोक (नळीच्या तोंडाचे आकुंचन) आणि दुसरीला घट्ट चोक देता येतो. सेमी-ऑटोला नळी एक, म्हणून चोकही एकच. दुनळीची दुसरी नळी केवळ दुसऱ्या काडतुसासाठी नसते, ती दुसऱ्या अंतरासाठी असते. शिवाय सेमी-ऑटोची पुंगळी बाजूला उडते, आणि बाजूला दुसरा नेमबाज डोळा लावून उभा असतो. दुनळी मधून मोडली की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. ती रिकामी आहे, हे वीस पावलांवरच्या माणसालाही कळते. नवशिक्यांच्या मैदानावर याहून मोठा गुण कोणता?

रेमिंग्टनचे काय? तिने नाव कमावले ते अमेरिकी स्कीटमध्ये, जिथले नियम, तबकडीचा वेग आणि काडतुसे वेगळी होती. ऑलिंपिकच्या फळीकडे पाहा. तिथे वर-खाली नळ्यांचीच बंदूक आढळते. नियम परवानगी देतात आणि तरीही जाणकार सेमी-ऑटो निवडत नाहीत, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

शेवटी पैसा. ‘परवडणारी’ या शब्दातच सगळी गफलत आहे. बंदुकीची किंमत एकदा मोजावी लागते. आठवड्याला शंभर क्ले, दर क्लेला सरासरी दीड काडतूस, वर्षातले ४८ आठवडे : ७,२०० काडतुसे. म्हणजे वर्षाला सुमारे १७३ किलो शिसे. त्यावर रेंजचे शुल्क, क्लेचा खर्च आणि दिल्ली, पतियाळा, जयपूरचे प्रवास. बारा बोअरची काडतुसे बनवणारा, १८६९ सालचा दारूगोळा कारखाना खडकीत, दापोडीच्या पुलापलीकडेच आहे. पण त्याने हा हिशेब पुसला जात नाही. या खर्चापुढे दोन बंदुकांच्या किमतीतला फरक किती काळ डोळ्यांत राहील? ज्याला वर्षभराची काडतुसे परवडत नाहीत, त्याला कोणतीच शॉटगन परवडत नाही. ज्याला परवडतात, त्याने बंदुकीवर काटकसर करू नये.

‘मग सुरुवात तरी कशाने करायची?’ हा आक्षेप रास्त आहे. पहिले वर्ष काहीच विकत घेऊ नये. क्लबची दुनळी वापरावी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. दस्त्याची लांबी आणि उतार आपल्या मानेला, गालाला, हाताला किती हवा, ते या वर्षात कळते. दुकानात पाच मिनिटे खांद्याला लावून ते कळत नाही. त्यानंतर वापरलेली, पण बिजागरी घट्ट असलेली वर-खाली दुनळी शोधावी. बंद केल्यावर नळ्या हलतात का, दोन्ही चाप सारखे बसतात का, हे आपल्यातला कोणताही फिटर हाताने तपासू शकेल.

एक गोष्ट मान्य करायला हवी. वर्षानुवर्षे स्कीट खेळलेला, खांदा दुखावलेला, कागदपत्रे दिल्लीपर्यंत नेण्याइतके गुण नावावर असलेला नेमबाज सेमी-ऑटो मागत असेल, तर त्याला माझा विरोध नाही. तो काय सोडतो आहे आणि कशासाठी, हे त्याला ठाऊक असते. माझ्यापुढे प्रश्न घेऊन येणारा मुलगा तो नाही. त्याचे पहिले काडतूस अजून उडायचे आहे.